साक्षीचें बोलावणें

कोर्टाचा बेलिफ दाराशीं येऊन उभा राहिला कीं सुशिक्षित घरांतसुद्धां कशी कुजबूज सुरू होते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. कागद हातीं घ्यावा कीं न घ्यावा या विचारांत घरचा माणूस पडतो. वडील मंडळी ‘आपल्या सात पिढ्यांत असें कधीं झालें नाहीं’ म्हणून कपाळास हात लावतात. आणि शेजारी खिडकीआडून पाहूं लागतात. पुढें कागद उघडून पाहावा तर त्यांत आरोप नसतो, कीं कर्जाची मागणी नसते. दुसऱ्याच कोणा दोघांचा वाद चाललेला असतो; त्या वादांतील एखादी गोष्ट या घरांतील माणसानें पाहिलेली असते, किंवा एखादा कागद त्याच्या ताब्यांत असतो; आणि एवढ्यावरून न्यायाधीशानें त्यास अमुक दिवशीं हजर होण्यास फर्माविलेलें असतें. ज्यास आपण अपमान समजतों तें वस्तुतः साक्षीचें बोलावणें असतें.

‘शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये’ ही म्हण आपणां सर्वांस लहानपणापासून पाठ असते. ती खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ती भांडावयास निघालेल्या वादीसाठीं आहे, साक्षीदारासाठीं नाहीं. वादी स्वतःच्या हौसेनें पायरी चढतो. साक्षीदारास ती दुसऱ्याच्या गरजेसाठीं चढावी लागते. शहाणीं माणसें सर्वच घरीं बसलीं तर पायरी चढावयास उरतील ते भाडोत्री साक्षीदार, आणि मग न्याय व्हावा तो कोणत्या पुराव्यावर? या बोलावण्याचा इतिहास पाहिला असतां असें दिसतें कीं, तें केवळ सरकारी फर्मान नव्हे. दुर्बळाच्या हातीं असलेलें तें एक मोठें साधन आहे, आणि तें किती उंच पोंचूं शकतें यावरून त्या देशांतील न्यायाची उंची मोजतां येते. त्या इतिहासांतील एक प्रसंग येथें थोड्या विस्तारानें सांगण्याचा आमचा विचार आहे.

इंग्रजींत या हुकमास ‘सबपीना’ म्हणतात. हे मूळचे दोन लॅटिन शब्द असून त्यांचा अर्थ ‘दंडाच्या धाकाखालीं’ एवढाच होतो. हुकमाच्या मजकुरांत ते येत, आणि पुढें त्या कागदाचेंच तें नांव होऊन बसलें. हिंदुस्थानींत त्याचा ‘सफीना’ झाला; आपल्याकडे ‘साक्षीसमन्स’ हा शब्द रूढ आहे. त्याचे दोन प्रकार. एकांत माणसानें स्वतः येऊन साक्ष द्यावयाची. दुसऱ्यांत आपल्याजवळील कागद कोर्टांत आणून हजर करावयाचा. वरवर पाहतां हा भेद लहान वाटतो, परंतु या विषयांतील मोठमोठे वाद दुसऱ्याच प्रकारावरून झाले आहेत. माणसाची आठवण पुसट होते, कागदावरील अक्षर तसेंच राहतें. म्हणून ज्यास कांहीं लपवावयाचें असतें तो साक्षीदाराच्या तोंडापेक्षां कागदासच अधिक भितो.

या बोलावण्याचें भय आपल्या समाजांत इतकें खोल कां रुजलें, याचें एक कारण जुन्या व्यवहारांत सांपडतें. पेशवाईंत गांवचे तंटे पंचाईत व गोतसभा यांपुढें चालत. साक्षीदारास देवळांत किंवा नदीच्या कांठीं शपथ घालून विचारीत, आणि अशा साक्षीस समाजांत मोठा मान असे. परंतु सरकारांतून एखाद्यास बोलावणें धाडलें म्हणजे तें घेऊन येणाऱ्या शिपायाचा अथवा स्वाराचा खर्च ज्यास बोलावणें आलें त्याच्याच माथीं बसे. या खर्चास ‘मसाला’ म्हणत. बोलावणें म्हणजे दारीं चालून आलेला भुर्दंड, हा अनुभव ज्यांच्या पूर्वजांनीं घेतला त्यांच्या मनांत त्याविषयीं प्रेम कोठून असणार?

इंग्लंडांतही आरंभीं साक्षीदारास सक्तीनें बोलावण्याची रीत नव्हती. मध्ययुगांत जूरीचे पंच हेच त्या गांवचे माहितगार असत, आणि स्वतःच्या माहितीवर ते निकाल देत. निराळ्या साक्षीदाराची फारशी गरजच वाटत नसे. इतकेंच नव्हे, तर आपण होऊन साक्ष देण्यास पुढें येणारावर तो दुसऱ्याच्या वादांत ढवळाढवळ करतो असा आरोप येण्याचा धोका असे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत चॅन्सरी कोर्टानें ‘सबपीना’ काढण्यास प्रारंभ केला, तोही मूळचा प्रतिवादीस हजर करण्यासाठीं. पुढें पंचांचें ज्ञान अपुरें पडूं लागलें, साक्षीदारांवांचून चालेना, तेव्हां १५६३ मध्यें राणी पहिली एलिझाबेथ हिच्या कारकीर्दींत पार्लमेंटनें कायदा केला. साक्षीदारावर हुकूम बजावला असून आणि त्याचा वाजवी खर्च त्याच्यापुढें ठेविला असून तो सबळ कारणावांचून गैरहजर राहिला, तर त्यानें १० पौंड दंड द्यावा, आणि त्याच्या न येण्यानें ज्याचें नुकसान झालें त्यास भरपाईही द्यावी, असें त्यांत ठरलें. या कायद्यांतील दोन्हीं बाजू लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. साक्षीदारावर सक्ती आहे. परंतु जो त्यास बोलावतो त्यानें त्याच्या येण्याजाण्याचा खर्च आधीं द्यावयाचा आहे. आपल्याकडील ‘मसाल्या’च्या अगदीं उलट हा न्याय होय.

तथापि हें साधन सर्वांच्या हातीं सारखेंच होतें असें नाहीं. फौजदारी खटल्यांत सरकार आपले साक्षीदार हवे तसे आणवी. आरोपीस मात्र आपल्या बाजूच्या साक्षीदारांवर सक्ती करण्याचा अधिकार नसे. ज्याच्या गळ्यास फांस लागण्याची वेळ आली त्यासच हें साधन नाकारलें होतें! राजद्रोहाच्या आरोपीपुरता हा अन्याय १६९६ च्या कायद्यानें दूर झाला. पुढें अमेरिकेंतील वसाहती स्वतंत्र होऊन त्यांनीं आपली राज्यघटना केली, तेव्हां १७९१ च्या सहाव्या दुरुस्तीनें प्रत्येक फौजदारी आरोपीस आपल्या बाजूचे साक्षीदार सक्तीनें आणविण्याचा हक्क मिळाला. कागदावर हक्क लिहिणें सोपें असतें. तो खरा आहे कीं नाहीं हें कळण्यास, ज्यास बोलावण्याची छाती होणार नाहीं अशा माणसास बोलावण्याचा प्रसंग यावा लागतो. तसा प्रसंग १८०७ मध्यें आला.

आरन बर हा अमेरिकेचा माजी उपाध्यक्ष. १८०० च्या निवडणुकींत त्यास व टॉमस जेफर्सन यांस सारखींच, म्हणजे ७३, मतें पडलीं. आणि प्रतिनिधिसभेंत ३६ वेळां मतमोजणी झाल्यावर जेफर्सन अध्यक्ष व बर उपाध्यक्ष झाला. तेव्हांपासून दोघांचीं मनें एकमेकांविषयीं साफ राहिलीं नाहींत. १८०४ मध्यें द्वंद्वयुद्धांत बरच्या गोळीनें अलेक्झांडर हॅमिल्टन मरण पावला आणि बरचें राजकीय आयुष्यही तेथेंच संपलें. पुढें तो पश्चिमेकडे गेला, त्यानें माणसें व होड्या जमविल्या, आणि तो पश्चिमेचा मुलूख संयुक्त संस्थानांपासून तोडूं पाहतो अशी हकीकत पसरली. त्याच्या विश्वासांतील जनरल जेम्स विल्किन्सन यानेंच २१ ऑक्टोबर १८०६ रोजीं अध्यक्षांस पत्र लिहून हा बेत कळविला. २२ जानेवारी १८०७ रोजीं जेफर्सन यांनीं काँग्रेसला संदेश पाठविला, व बरचा अपराध संशयातीत असल्याचें जाहीर केलें. खटला उभा राहण्यापूर्वींच देशाच्या सर्वाधिकाऱ्यानें आरोपीस अपराधी ठरविलें होतें! आणि आरोप राजद्रोहाचा. त्याची शिक्षा देहांत.

खटला व्हर्जिनियांतील रिचमंड येथें सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्यापुढें चालला. मार्शल हे जेफर्सन यांचे मातृकुलाकडून दूरचे नातलग, परंतु राजकारणांत कट्टे विरोधक. जून महिन्यांत बर यानें अर्ज केला कीं, विल्किन्सन याचें तें पत्र व त्यासंबंधींचे लष्करी हुकूम अध्यक्षांपाशीं आहेत. माझ्या बचावास ते हवेत. तरी ते घेऊन हजर होण्याविषयीं अध्यक्षांच्या नांवें हुकूम निघावा. सरकारपक्षाच्या वकिलांनीं यास विरोध केला. देशाच्या अध्यक्षास सामान्य साक्षीदाराप्रमाणें कोर्टांत बोलावणें शोभेल काय, आणि गोपनीय पत्रें चव्हाट्यावर आणून राज्य कसें चालेल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

१३ जून १८०७ रोजीं मार्शल यांनीं निकाल दिला. त्याचा आशय असा: इंग्लंडचा राजा अपराध करूं शकत नाहीं असें तेथील कायदा मानतो, आणि त्यास कोर्टाचा हुकूम बजावणें त्याच्या पदास विसंगत होईल. अमेरिकेचा अध्यक्ष मात्र लोकांनीं निवडलेला असतो, आणि मुदत संपल्यावर पुन्हां लोकांतच येऊन मिसळतो. आरोपीस साक्षीदार आणविण्याचा हक्क देतांना घटनेनें अध्यक्षास वगळलेलें नाहीं. राज्यकारभारामुळें त्यास खरोखरच फुरसत नसेल, तर ती अडचण त्यानें हुकूम आल्यावर सांगावी. हुकूम काढूंच नये याचें तें कारण होऊं शकत नाहीं. एखाद्या पत्रांतील मजकूर उघड होणें देशास घातक असेल, तर तें पत्र कोर्टापुढें आल्यावर त्याचा विचार करतां येईल. हुकमाबरोबर बरच्या बाजूनें असेंही कळविण्यांत आलें कीं, मूळ पत्र व इतर कागदांच्या प्रमाणित प्रती पाठविल्यास स्वतः येण्याची आवश्यकता नाहीं.

यावर जेफर्सन यांनीं काय केलें? ते रिचमंडास गेले नाहींत. सरकारी वकील जॉर्ज हे यांस त्यांनीं लिहिलें कीं, प्रत्येक कोर्टाच्या हुकमासरशीं अध्यक्ष देशाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत धांवूं लागला तर त्यानें आपलें काम कधीं करावें, आणि कार्यकारी सत्ता न्यायखात्यापासून स्वतंत्र कशी राहावी? हें म्हणणें सर्वस्वी टाकाऊ नव्हतें, हें आम्ही मान्य करतों. परंतु त्याच वेळीं त्यांनीं कागद देण्याची तयारी दाखविली, गोपनीय भाग वगळण्याचा अधिकार मात्र राखून ठेविला. आणि राजधानींतच आपली जबानी घेतल्यास ती देऊं असेंही कळविलें. म्हणजे हुकमाची त्यांनीं हेटाळणी केली नाहीं, तो फाडून टाकिला नाहीं, कीं ‘मला विचारणारें कोर्ट कोण?’ असा उद्दामपणाही केला नाहीं. आपली हरकत त्यांनीं मांडली आणि देण्याजोगें तें देऊं केलें. प्रकरण अधिक ताणूं नये एवढें शहाणपण मार्शल यांनींही दाखविलें.

१ सप्टेंबर १८०७ रोजीं जूरीनें बर यास राजद्रोहाच्या आरोपांतून मुक्त केलें. ही सुटका त्या पत्रामुळें झाली असें नाहीं. प्रत्यक्ष राजद्रोहाच्या कृत्यास घटनेप्रमाणें दोन साक्षीदार हवेत, ते सरकारास मिळाले नाहींत, म्हणून ती झाली. परंतु ज्या विल्किन्सनच्या शब्दावर अध्यक्षांनीं एवढा भरंवसा ठेविला, तो जनरल स्पेनच्या दरबाराचा पगारी हेर होता, हें पुढें स्पेनच्या दफ्तरांतून उघडकीस आलें. अशा माणसाचें मूळ पत्र पाहूं द्या, ही आरोपीची मागणी किती रास्त होती, हें यावरून कळून येईल. बर हा साधुपुरुष होता असें कोणी म्हणणार नाहीं. पण न्यायाचीं साधनें साधुपुरुषांपुरतींच ठेविलीं तर तीं कोणाच्याच उपयोगीं पडावयाचीं नाहींत.

याच सुमारास अटलांटिकच्या अलीकडे इंग्लंडांत तोच प्रश्न अगदीं क्षुल्लक माणसांच्या बाबतींत उत्पन्न झाला. कागद आणण्याचा हुकूम असून एका साक्षीदारानें तो आणला नाहीं, म्हणून त्याजवर नुकसानभरपाईचा दावा झाला. १८०८ मध्यें लॉर्ड एलेनबरो यांनीं ठरविलें कीं, तोंडी पुराव्याप्रमाणें लेखी पुरावाही सक्तीनें आणविण्याचा अधिकार नसेल तर कोर्टास कोर्टपणच उरणार नाहीं. कागद दाखविण्यास योग्य आहे कीं नाहीं हें साक्षीदारानें घरीं बसून ठरवावयाचें नाहीं, तें कोर्ट ठरवील. एका वर्षाच्या अंतरानें, दोन खंडांत, एक राष्ट्राध्यक्षाविषयीं आणि दुसरा साध्या गृहस्थाविषयीं, असे हे दोन निकाल झाले. आणि दोहोंचें तात्पर्य एकच निघालें. हरकत घेण्याचा अधिकार सर्वांस आहे, हरकतीचा निर्णय करण्याचा अधिकार न्यायाधीशास आहे.

मार्शल यांचें बीज १६७ वर्षांनीं फळास आलें. वॉटरगेट प्रकरणांत अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या सहकाऱ्यांवर खटला चालला असतां, अध्यक्षांच्या ६४ संभाषणांच्या ध्वनिफिती हजर करण्याविषयीं एप्रिल १९७४ मध्यें हुकूम निघाला. निक्सन यांनीं गोपनीयतेची सबब पुढें केली. २४ जुलै १९७४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या आठही न्यायाधीशांनीं एकमतानें ठरविलें कीं, अध्यक्षांच्या गोपनीयतेस मान आहे, परंतु फौजदारी खटल्यांतील पुराव्याच्या निश्चित गरजेपुढें तिनें वांकलें पाहिजे. निकाल सांगणारे सरन्यायाधीश बर्गर हे खुद्द निक्सन यांनीं नेमलेले होते. त्या निकालांत मार्शल यांचा आधार घेतलेला आहे. निक्सन यांनीं फिती दिल्या, आणि ९ ऑगस्ट रोजीं अध्यक्षपद सोडलें. त्यांच्या हातीं फौज होती, पैसा होता; कोर्टापाशीं होता तो एक कागद. तरी कागद श्रेष्ठ ठरला.

आपल्याकडे हा प्रवास निराळ्या वाटेनें झाला. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीं दख्खनच्या सरदारांचा मान राखण्यासाठीं त्यांच्या तीन प्रती केल्या आणि पुण्यास त्यांच्यासाठीं स्वतंत्र एजंट नेमिला. सामान्य कोर्टांत उभें राहणें हें त्या काळीं प्रतिष्ठेस उणेपणा आणणारें समजत. १९०८ च्या दिवाणी संहितेच्या १३३ व्या कलमानें प्रांतिक सरकारास वाटेल त्या दर्जेदार गृहस्थास जातीनें हजर राहण्याची माफी देतां येई. १९५६ मध्यें तें कलम बदललें, आणि आतां राष्ट्रपति, राज्यपाल, मंत्री, उच्च न्यायाधीश इत्यादि ठराविक पदाधिकाऱ्यांसच ती माफी आहे. म्हणजे मान कुळास राहिला नाहीं, पदास राहिला. आणि पदाचा मानही कसा वापरावा याचें उदाहरण १९७० मध्यें राष्ट्रपति व्ही. व्ही. गिरि यांनीं घालून दिलें. त्यांच्या निवडणुकीविरुद्ध अर्ज झाला होता. जातीनें हजर राहण्याची त्यांस माफी असूनही ते सर्वोच्च न्यायालयांत स्वतः आले आणि त्यांनीं साक्ष दिली. अर्ज फेटाळला गेला. पण आमच्या मतें त्या साक्षीनें त्यांच्या पदाची शोभा वाढलीच.

एवढा इतिहास सांगण्याचें कारण असें कीं, आज सामान्य माणसाच्या हातीं येणाऱ्या समन्साचे नियम यांतूनच घडले आहेत. समन्स आलें असतां प्रथम तें स्वस्थपणें वाचावें: कोर्ट कोणतें, तारीख कोणती, आणि बोलावणें साक्षीसाठीं आहे कीं कागदासाठीं. दिवाणी दाव्यांत नुसता कागद मागितला असेल तर तो दुसऱ्याहातीं हजर केला तरी हुकूम पाळला असें होतें. बरच्या हुकमासोबतची सवलत येथें नियम होऊन बसली आहे. नुसता कागद आणणारा माणूस तेवढ्यानें साक्षीदार होत नाहीं, आणि त्याची उलटतपासणीही होत नाहीं. कागद दाखविण्यास हरकत असेल तरी तो घेऊन यावयाचाच, आणि हरकतीचा निर्णय कोर्टानें करावयाचा, हा एलेनबरो यांचा न्याय १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत होता, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही कायम आहे. दिवाणी दाव्यांत साक्षीदाराचा भत्ता बोलावणारानें आधीं कोर्टांत भरावा लागतो. साक्षीदार कोर्टाच्या हद्दीबाहेर राहत असेल तर १०० किलोमीटरपेक्षां, आणि बहुतेक वाटेस रेल्वे अथवा तत्सम वाहन असल्यास ५०० किलोमीटरपेक्षां दूर असणारास जातीनें येण्याची सक्ती नाहीं. अशांची जबानी कमिशननें घेतां येते. आजार किंवा अन्य खरी अडचण असेल तर ती लेखी कळवावी. गप्प राहणें मात्र सर्वांत वाईट. कारण न येणारावर कोर्ट वॉरंट काढूं शकतें, त्याची मिळकत जप्त करूं शकतें; आणि संहितेच्या ३२ व्या कलमांतील दंडाची मर्यादा पूर्वीं ५०० रुपये होती ती आतां ५००० झाली आहे.

आणखी एक बदल सांगण्यासारखा आहे. पूर्वीं घरचा मालक नसल्यास समन्स कुटुंबांतील प्रौढ पुरुषाच्याच हातीं देण्याचा नियम होता. घरांत शहाणी, शिकलेली बाई असली तरी कायद्याच्या दृष्टीनें घर रिकामें! दिवाणी कायद्यांत ही उणीव १९७६ च्या दुरुस्तीनें, आणि फौजदारी कायद्यांत २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेनें, दूर केली. घरांतील बायकांसही हा कागद वाचतां व समजतां आला पाहिजे, हें त्यामुळें आतां दुप्पट खरें झालें आहे.

दंडाच्या भयानें सत्य बोलावयास येणारा माणूस कोर्टास मिळतो. कर्तव्य म्हणून येणारा मिळाला तर न्याय मिळतो. १५६३ चे १० पौंड किंवा आजचे ५००० रुपये ही या व्यवस्थेची खरी ताकद नव्हे. आज दुसऱ्याचा खटला आहे, आणि आपल्यापाशीं त्याचा कागद आहे. उद्यां आपला खटला असेल, आणि आपला कागद दुसऱ्या कोणाच्या कपाटांत असेल. त्या दिवशीं तो दुसरा घरीं बसून राहूं नये असें ज्यास वाटतें, त्यानें आज स्वतः उठलें पाहिजे.